पेशव्यांचा गेंडा आणि गंगाराम तांबट

शाळामास्तराच्या हातून घडणारी पापे बहुधा लाल शाईची असतात. त्यांतले एक मला अजून सलते.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नोकरीत नवा होतो. चित्रकलेचे शिक्षक रजेवर गेले म्हणून त्यांचा तास माझ्याकडे आला. मी मुलांना म्हटले, "एखादा पाळीव प्राणी काढा," आणि कुणाची अडचण होऊ नये म्हणून प्राण्यांचा छापील तक्ता फळ्याशेजारी टांगला. तक्त्यावरची म्हैस मोठी देखणी होती. दोन्ही शिंगे सारखी, मागे वळलेली, जशी काही तराजूत तोलून बसवलेली. शेवटच्या बाकावरच्या एका गवळ्याच्या मुलाने मात्र भलतीच म्हैस काढली. एक शिंग वर गेलेले, दुसरे गालाशी खाली उतरलेले. मी त्यावर लाल फुली मारली आणि तक्त्याकडे बोट दाखवून म्हणालो, "नीट बघून काढ."

"सर, बघूनच काढलीय," तो म्हणाला. "आमची म्हैस अशीच आहे."

वर्ग हसला. मीही हसलो. त्याने मुकाट्याने खोडरबर घेतले आणि दोन्ही शिंगे तक्त्यासारखी करून आणली. मी त्याला दहापैकी आठ गुण दिले.

ही गोष्ट मी विसरूनही गेलो असतो; पण गेल्या वर्षी एका गेंड्याने ती पुन्हा माझ्यापुढे आणून उभी केली.

माझा एक भाचा शिक्षणासाठी अमेरिकेत आहे. तिकडे न्यू हेवन नावाच्या गावी येल विद्यापीठाचे ब्रिटिश कलेचे मोठे संग्रहालय आहे. तेथल्या एका चित्राची प्रत त्याने मला पाठवली आणि खाली लिहिले, "मामा, हा तुमच्या पुण्याचा गेंडा." चित्रात एक गेंडा उभा होता, बाजूने दिसणारा, कातड्याच्या जाड वळ्यांसकट. संग्रहालयाच्या नोंदीत त्याचा पत्ताही होता: पेशव्यांचा पुण्यातील प्राणिसंग्रह, नोव्हेंबर १७९०. आणि चित्रकार? गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट.

तांबट! माझे सारे आयुष्य पुण्यात गेले. कसब्यातल्या तांबट आळीतून जाताना हातोड्यांचा ठेका कानांत साठवत मी लहानाचा मोठा झालो. तिथे तांब्याचे हंडे, घंगाळी, बंब घडताना पाहिले. पण त्या जातीतल्या एका माणसाने सवाई माधवरावांच्या अमदानीत गेंड्यासमोर बसून त्याचे चित्र काढले होते, हे मला पंचेचाळिशीत, सातासमुद्रापलीकडून कळावे! मी काही इतिहाससंशोधक नव्हे. शालान्त परीक्षेच्या पुढे माझी मजल गेली नाही. पण कुतूहलाला परीक्षेची अट नसते. मी वाचनालयाच्या फेऱ्या सुरू केल्या, आणि त्या गेंड्याचा माग काढता काढता प्रथम जाऊन पोचलो तो गोव्याच्या बंदरावर, गंगारामाच्याही पावणेतीनशे वर्षे मागे.

कारण युरोपातल्या सगळ्या छापील गेंड्यांचा मूळपुरुष आमच्या गोव्याहून निघाला होता.

झाले असे. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतला. त्यांचा गव्हर्नर अल्बुकर्क याला दीवला किल्ला बांधायचा होता. त्यासाठी त्याने गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याच्याकडे वकील पाठवले. सुलतानाने किल्ल्याला नकार दिला. पण पाहुण्यांना रिकाम्या हाताने कसे पाठवायचे, म्हणून नजराण्यात एक जिवंत गेंडा दिला. असला पाहुणा घरात ठेवून करायचे काय? अल्बुकर्कने तो पुढे आपल्या राजाला, मानुएलला, नजर करून टाकला. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाज सुटले. बरोबर ओसेम नावाचा राखणदार होता. सुमारे चार महिन्यांनी, २० मे रोजी, जहाज लिस्बनला लागले. रोमन बादशाहीनंतर युरोपच्या भूमीवर जिवंत गेंडा उतरला नव्हता. लोकांची झुंबड उडाली. पोर्तुगीज त्याला ‘गांदा’ म्हणत. वाचकांच्या लक्षात आलेच असेल, हा आपला गेंडाच!

राजाने त्याची हत्तीशी झुंज लावून पाहिली. हत्तीनेच पळ काढला. पुढे राजाने तो गेंडा रोमला पोपकडे पाठवला. वाटेत, १५१६ च्या आरंभी, इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज वादळात सापडले आणि साखळदंडांनी जखडलेले ते बिचारे जनावर बुडून मेले.

गेंडा बुडाला, पण त्याचे चित्र तरले. लिस्बनहून कुणीतरी जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरी एक पत्र व एक कच्चे रेखाटन धाडले. तेथे आल्ब्रेख्त ड्यूरर नावाचा थोर चित्रकार होता. त्याने गेंडा जन्मात पाहिला नव्हता. त्या पत्रावरून आणि रेखाटनावरून त्याने चित्र काढले व लाकडी ठशावर कोरवून छापले. चित्र विलक्षण आहे. गेंडा कसला, चिलखत घातलेला सरदारच! अंगावर पोलादी पत्रे, त्यांना जणू खिळे ठोकलेले, पायांवर खवले, आणि नाकावरच्या शिंगाशिवाय खांद्यावर आणखी एक चिमुकले शिंग. वरच्या मजकुरात साल १५१५ ऐवजी १५१३ असे छापले गेले. ड्यूररच्या हयातीतच या चित्राच्या चार-पाच हजार प्रती निघाल्या असाव्यात, असा अंदाज आहे.

मग काय विचारता? १५५१ साली गेस्नर नावाच्या पंडिताने आपला प्राण्यांवरचा जाडजूड ग्रंथ छापायला घेतला, त्यात हाच गेंडा. त्यावरून दुसऱ्याने उतरवला, दुसऱ्यावरून तिसऱ्याने. खांद्यावरचे ते खोटे शिंग पुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या डौलाने मिरवत राहिले. १७४१ साली एका डच कप्तानाने बंगालची क्लारा नावाची गेंडी युरोपात नेली आणि सतरा वर्षे गावोगाव दाखवली. तिला समोर पाहून वांदेलार नावाच्या चित्रकाराने तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरले. लेडनच्या आल्बिनुस या वैद्याच्या शरीरशास्त्राच्या ग्रंथात, १७४७ साली, मानवी सांगाड्यामागे ही गेंडी शांतपणे चरताना दिसते. तेव्हा कुठे ते चिलखत उतरू लागले. सव्वादोनशेहून अधिक वर्षे लागली!

ही चूक इतकी का टिकली, हे समजायला पूर्वी चित्रे कशी छापत ते पाहिले पाहिजे. लाकडी ठशात रेघ तेवढी ठेवायची आणि बाकीचे लाकूड कोरून काढायचे. उरलेल्या उंचवट्याला शाई लागते. तांब्याच्या पत्र्यावर याच्या उलट. तिथे कोरणीने रेघच खोदायची, त्या खाचेत शाई भरायची, वरचा पत्रा पुसून लख्ख करायचा आणि ओला कागद त्यावर घालून रुळाखाली दाबायचा. खाचेतली शाई कागद ओढून घेतो. दोन्हीकडे चित्र उलटे उमटते. डावे ते उजवे. चित्रकार एक, कोरणारा बहुधा दुसरा, छापणारा तिसरा. या तिघांपैकी जनावर पाहिलेला एखादाच, पुष्कळदा तोही नाही. नव्या पुस्तकाला नवा गेंडा आणायचा कुठून? त्यापेक्षा जुन्या पुस्तकातून उतरवणे सोपे. आणि छापलेल्या चित्राबद्दल शंका कोण घेतो? छापले ते खरे, ही समजूत छापखान्याइतकीच जुनी आहे.

आता पुण्याला परत येऊ. साल १७९०. याच वर्षी इंग्लंडात न्यूकॅसलच्या टॉमस ब्यूइक नावाच्या कारागिराचे चतुष्पाद प्राण्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. लाकडावर कोरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या गाई, घोडे, कुत्री पाहावीत. आत्ता कान हलवतील असे वाटते. पण परदेशी जनावरे आली की त्या बिचाऱ्यालाही बव्हंशी दुसऱ्या पुस्तकांतल्या चित्रांवरूनच काम भागवावे लागले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आमचा गंगाराम खुद्द गेंड्यासमोर होता.

हा गेंडा पुण्यात कुठे होता? सवाई माधवराव तेव्हा सोळा वर्षांचे. त्यांना पशुपक्ष्यांचा भारी नाद. पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता. गाण्याबजावण्याच्या सुरांवर डोलत येणाऱ्या, झोपाळ्यावर बसवलेल्या तेथल्या काळविटांचे वर्णन इंग्रज पाहुण्यांनी मोठ्या नवलाने लिहून ठेवले आहे. गेंडा काही आपल्या मुलखातले जनावर नव्हे. मराठ्यांना तो ठाऊक होता तो ढालीमुळे. गेंड्याच्या कातड्याची ढाल म्हणजे खात्रीची ढाल. ड्यूररने गेंड्याला चिलखत चढवले आणि आपण त्याचेच चिलखत केले. जिवंत गेंडा पाहण्याची हौस मात्र त्या पोरवयाच्या पेशव्याला होती.

संगमावर तेव्हा इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट राहत असे. तो १७८६ साली पुण्याच्या दरबारी रुजू झाला. हा माणूस राजकारणात पक्का आणि नजरेने रसिक. गंगाराम त्याच्यासाठी चित्रे काढी. पुढे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईस उतरला व १७९२ साली पुण्यास आला. त्याने सवाई माधवरावांचे, नाना फडणविसांचे, महादजी शिंद्यांचे चित्र काढले. आज आपण नानांचा तो उंच, कृश, विचारी चेहरा ओळखतो तो बराचसा वेल्सच्या कुंचल्यामुळे. मॅलेटच्या पुढाकाराने व दरबारच्या आश्रयाने शनवारवाड्यात चित्रशाळा निघाली. वेल्स तिथे आमच्या लोकांना विलायती पद्धतीचे रेखाटन शिकवी, आणि गंगाराम हा तिथला नावाजलेला शिष्य. त्याने वेरूळ व कार्ल्याच्या लेण्यांची चित्रेही काढली.

पण तारखा जरा शेजारी शेजारी ठेवून पाहा. गेंड्यावर नोव्हेंबर १७९० आहे. वेल्स पुण्यास आला तो १७९२ साली. म्हणजे साहेबाने शिकवण्याआधीच गंगारामने गेंडा काढला होता. छायाप्रकाश, दूरचे लहान नि जवळचे मोठे, हे शास्त्र तो पुढे शिकला असेल. पण समोरचे जनावर जसे आहे तसे पाहायचे, ही गोष्ट त्याने आपल्याबरोबर आणली होती. ती कुठून आली असेल? मला वाटते, आळीतून. तांबटाला पत्र्याकडे बघण्यावाचून गत्यंतर नसते. मठाराचे काम करताना हातोडीचा एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला लागून पडावा लागतो. तिथे ऐकीव माहितीवर घंगाळ होत नाही.

म्हणून त्याचा गेंडा गेंडाच आहे. पाठीवर दुसरे शिंग नाही, पायांवर खवले नाहीत, पोलाद नाही. कातडे आहे, जड, सुरकुतलेले, वळ्यावळ्यांचे. ड्यूररचा गेंडा पाहून भीती वाटते. गंगारामचा पाहून त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटतो.

यात ड्यूररला कमी लेखण्याचा हेतू नाही. न पाहिलेल्या जनावरात त्याने जो प्राण ओतला तो दुसऱ्याला साधला नसता. माझा सवाल निराळा आहे. चुकीचा गेंडा हजारो घरांत गेला आणि बरोबर गेंडा एका कागदावर राहिला, असे का?

उत्तर सरळ आहे. पुण्यात छापखाना नव्हता. गोव्यास १५५६ साली आलेले मुद्रणयंत्र घाट चढून वर आले नाही. आमच्याकडे तांबे होते, कोरणारे हात होते. दानपत्रे ताम्रपटांवर खोदण्याची चाल तर शेकडो वर्षांची. पण त्याच खोदलेल्या पत्र्यावर शाई भरून कागद दाबावा, हे कुणाच्या मनात आले नाही. आले, पण फार उशिरा. पुण्याच्या एका तांबटाने हे काम शिकून घेतले होते, व नानांच्या मनात गीता छापून घ्यावयाची होती, असे मुद्रणाच्या इतिहासकारांनी लिहिले आहे. नाना १८०० साली वारले. पुढे १८०५ साली मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापून घेतली. तोवर गेंड्याची वेळ निघून गेली होती.

आणि ती वेळ किती थोडक्यात निघून गेली! १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याची लढाई जिंकून मराठ्यांनी गुढ्या उभारल्या. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला सवाई माधवराव शनवारवाड्यातून खाली कोसळले आणि दोन दिवसांनी गेले. वय एकवीस. पुढच्या तीन आठवड्यांच्या आत जेम्स वेल्सही मुंबईच्या बाजूस मरण पावला. हौशी पेशवा गेला, शिकवणारा गेला. चित्रशाळा पोरकी झाली. १७९७ च्या सुमारास मॅलेटही पुणे सोडून निघाला. विलायतेत त्याने वेल्सच्या मुलीशी, सुझानाशी, लग्न केले. त्याच्याबरोबर पुण्याचे कागदही समुद्रापार गेले.

वेरूळची चित्रे तेवढी छापली गेली. १८०३ साली लंडनमध्ये टॉमस डॅनियलने त्यांची चोवीस पाने तांब्यावर कोरवून ग्रंथ काढला. मुखपृष्ठावर नाव आहे जेम्स वेल्सचे, नाव आहे डॅनियलचे. शनवारवाड्यातल्या त्या चित्रशाळेतले एकही नाव तिथे नाही. पुण्यात चित्रे छापून घरोघर नेणारी चित्रशाळा निघाली ती १८७८ साली, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या प्रेरणेने. रामपंचायतन भिंतीभिंतींवर आले, नाना फडणवीसही आले. त्या रांगेत पर्वतीच्या पायथ्याचा गेंडा यायचा राहिला.

मागल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुद्दाम सारसबागेकडे गेलो. पर्वतीच्या त्याच अंगाला पुढे १९५३ साली महानगरपालिकेने पेशवे पार्कात प्राणिसंग्रहालय केले होते. १९५६ साली तिथे फुलराणी धावू लागली. माझ्या पिढीने आयुष्यातला पहिला वाघ तिथेच पाहिला. पुढे ही सगळी जनावरे कात्रजला नेली. पाटीवर पेशव्यांचे नाव आहे. त्यांच्या गेंड्याचे, किंवा ज्याच्यामुळे तो गेंडा आज दिसतो त्या तांबटाचे, नाव मला कुठे आढळले नाही. मुलांना बोट धरून नेणाऱ्या आईबापांनी तेवढे तोंडी तरी सांगावे, ही माझी विनंती.

राहता राहिली माझी लाल फुली. तो गवळ्याचा मुलगा आता बाप्या झाला आहे. आमच्याच भागात दूध घालतो. एका सकाळी मी त्याला आत बोलावले, चहा दिला आणि टेबलावर दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवली, ड्यूररचा गेंडा आणि गंगारामचा. कुणाचे कोणते ते सांगितले नाही. त्याने दुधाचे हात पँटला पुसले, दोन्हींवरून एकदा नजर फिरवली आणि गंगारामच्या गेंड्यावर बोट ठेवले.

"हे जनावर उभं आहे, सर," तो म्हणाला. "ते दुसरं नुसतं काढलंय."

मी त्याला म्हशीची आठवण दिली आणि म्हटले, "तुझी म्हैस बरोबर होती. माझं चुकलं."

तो ओशाळून हसला. "ती म्हैस कधीच गेली, सर. दूध फार चांगलं द्यायची."

आणि सायकलला किटली अडकवून तो पुढच्या दाराकडे निघाला. त्या दिवसापासून चित्रकलेचा तास माझ्याकडे आला की मी तक्ता टांगत नाही. मुलांना घेऊन शाळेच्या फाटकापाशी जातो. तिथे एक कुत्रे नेहमी झोपलेले असते. त्याचा एक कान फाटलेला आहे. पाहू या, किती जण तो काढतात.